संगीताचं सॉफ्टवेअर निवडताना: दाबलेली की नक्की कुठे जाते?

नवं सॉफ्टवेअर घेताना बहुतेक जण आधी किंमत आणि सोबत मिळणारे आवाज बघतात. रोज तासन्‌तास एडिटिंग करणाऱ्याने मात्र फोकस आधी तपासावा, म्हणजे की दाबल्यावर ती कुठल्या खिडकीला लागू होते आणि ते दाबण्याआधी कळतं का. शॉर्टकटची यादी सगळ्यांचीच लांबलचक असते. हात किती वेगाने चालेल हे फोकसवर ठरतं.

ध्वनिमुद्रण आणि एडिटिंगच्या प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार उघड दिसतो. एडिट विंडो, क्लिप लिस्ट (क्लिप म्हणजे ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा) आणि ग्रुप लिस्ट (ट्रॅकच्या गटांची यादी) या तिन्हींना ‘ए-झेड’चं छोटं बटण आहे आणि एका वेळी त्यातलं एकच चालू राहतं. एडिट विंडोचं बटण चालू असेल तर ‘ए’ने क्लिपची सुरुवात कर्सरपर्यंत छाटली जाते, ‘एस’ने शेवट, ‘बी’ने क्लिपचे तुकडे होतात, ‘एफ’ने फेड लागतो, म्हणजे आवाज हळूहळू वाढतो किंवा विरतो. गाण्यातले श्वास काढायचे असोत की संवाद साफ करायचे असोत, डावा हात या चार-पाच की सोडतच नाही. पण फोकस ग्रुप लिस्टवर गेला, की तोच ‘ए’ पहिला ग्रुप चालू-बंद करतो. सुरुवातीला याचा गोंधळ होतो. तरीही मला ही रचना आवडते, कारण कुठलं बटण पेटलंय हे एका नजरेत कळतं.

लॉजिक प्रो फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतं, तेव्हा विंडोजवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. इथे ज्या भागावर फोकस असतो त्याच्याभोवती चौकट उमटते आणि टॅबने तो पुढच्या भागावर नेता येतो. खाली पियानो रोल, म्हणजे नोट्स पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी खिडकी, उघडा असताना डिलीट दाबण्याआधी ही चौकट बघाच. फोकस नोट्सवर असेल तर निवडलेल्या नोट्स जातात, वर ट्रॅकवर असेल तर अख्खा रीजन, म्हणजे ट्रॅकवरचा पूर्ण तुकडा, जातो. शॉर्टकट मनाप्रमाणे बदलता येतात.

ॲबलटन लाइव्हचा कल वाजवण्याकडे आहे. ‘एम’ दाबलं की संगणकाचा कीबोर्डच पियानो होतो. मग ‘एस’ने ट्रॅक सोलो करायला, म्हणजे तो एकटाच ऐकायला जावं तर सूर वाजतो. सूर सुचला की लगेच वाजवून बघणाऱ्याला हे सोयीचं, बारीक एडिटिंग करणाऱ्याला अडचणीचं. की मॅप मोडमध्ये बटणांना आणि क्लिपना हवी ती अक्षरं देता येतात, पण मूळ शॉर्टकट बदलता येत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. २०२४ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत स्क्रीन रीडरचा (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आधार आणि माउसशिवाय फिरण्याची सोय आली, ही मात्र मोलाची भर.

रीपरमध्ये सगळं तुमच्या हातात असतं. प्रश्नचिन्ह दाबलं की ॲक्शन लिस्ट उघडते. तिथे काम शोधायचं आणि हवी ती की द्यायची. अनेक कामं जोडून एका कीवर बसवता येतात. मुख्य खिडकी आणि मिडी एडिटर (नोट्स एडिट करायची खिडकी) यांचे शॉर्टकट वेगवेगळे असतात, त्यामुळे नेमलेली की दुसऱ्या खिडकीत चालेलच असं नाही. प्लगिनच्या (वरून जोडलेल्या इफेक्ट किंवा वाद्याच्या) खिडकीत आकडा टाकला आणि मग स्पेसबार दाबूनही गाणं सुरू होत नाही, हा त्रास सगळीकडेच आहे, कारण फोकस त्या चौकटीतच अडकलेला असतो. अलीकडच्या रीपरमध्ये यावर उपाय आहे: शॉर्टकट ‘ग्लोबल + टेक्स्ट फील्ड्स’ केला, की फोकस आकडा टाकायच्या चौकटीत असला तरी तो लागू होतो. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी ओसारा हे मोफत एक्स्टेन्शन आहे आणि ते स्क्रीन रीडरसोबत चालतं. अशा वापरकर्त्याला मी आजही आधी रीपरच सुचवेन.

शेवटी काम कुठे करता, हेही बघा. वेगवेगळ्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या मशीनवर बसावं लागत असेल तर प्रो टूल्सचे ठरलेले शॉर्टकट हातात बसवणं फायद्याचं. स्वतःच्याच मशीनवर काम असेल तर रीपर ६० दिवस वापरून बघा. तुमचे शॉर्टकट एका फाइलमध्ये साठवून दुसऱ्या संगणकावरही नेता येतात.