बाहुलीघराच्या भिंतींना चिमणलाल्सचा हातकागद

चिमणलाल्स हे नाव पाकिटांसाठी आणि भेटवस्तूंच्या कागदासाठी ज्यांना माहीत आहे, त्यांनी तिथला छापील हातकागद एकदा भिंतीच्या नजरेनं पाहावा. मुंबईत फोर्टात डी. एन. रोडवरच्या ताज बिल्डिंगमध्ये दुकान आहे, आत शिरायचं वॉलेस स्ट्रीटच्या बाजूनं. नातीच्या प्लायच्या बाहुलीघरात दिवाणखाना आणि झोपायची खोली मी या कागदानं सजवली आणि मनासारखं काम झालं. माझा धंदा बाइंडिंगचा. त्यामुळे कागद दिसतो कसा यापेक्षा खळ लागल्यावर वागतो कसा, हे मी आधी बघतो.

पण निवडताना माप सगळ्यात महत्त्वाचं. आमचं घर १:१२ मापाचं, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच. वास्तुरचनाकार ल्युटियन्सनं ब्रिटनच्या राणी मेरीसाठी आखलेलं, १९२४ साली पूर्ण झालेलं विंडसर किल्ल्यातलं बाहुलीघर याच मापाचं आहे. या हिशेबानं इंचभर रुंदीचं फूल म्हणजे भिंतीवर फूटभर रुंदीचं फूल! मोठ्या कोयऱ्यांचे आणि मोरांचे ताव हातात घेतले की ठेवावेसे वाटत नाहीत, पण बाहुलीच्या खोलीत ते लावले की खाट, कपाट, बाहुली सगळं त्याखाली दबून जातं. दुकानात पट्टी घेऊन जा. पाव इंचाच्या आतली बुट्टी, मध्ये भरपूर मोकळी जागा आणि शक्यतो एकाच रंगाची छपाई, एवढं पाहून घ्या. मी दिवाणखान्याला हळदी रंगावर बारीक पांढरी बुट्टी घेतली, झोपायच्या खोलीला फिकट निळ्यावर ठिपके. दुरून पाहिलं तर ठिपके जवळजवळ दिसत नाहीत, नुसती भिंत मऊ वाटते. खऱ्या घरातही चांगल्या भिंतीचं असंच असतं.

आता कागदाचा स्वभाव. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेनं पडलेले असतात, म्हणून ओला झाला की तो आडव्या अंगानं जास्त फुगतो आणि भिंतीवर फुगे धरतो. हातकागदाचा लगदा साच्यावर पसरताना तंतू सगळ्या दिशांना विखुरतात, त्यामुळे तो चहूबाजूंनी जवळजवळ सारखाच ताणतो. शिवाय कापसाच्या चिंध्यांचा लगदा असेल तर ओल्या कागदावरही फडकं फिरवता येतं, तो चटकन फाटत नाही. खळ लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, पुरता ताणू द्यायचा आणि मगच चिकटवायचा. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

खळ मैद्याची, त्यात निम्मं फेविकॉल. नुसतं फेविकॉल फार लवकर धरतं, बुट्टीची ओळ सरळ करायला कागद सरकवावा म्हटलं तर सरकत नाही. नुसत्या खळीला मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी येते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. लहान मुलाच्या खेळण्यात तो अजिबात घालू नका, विषारी असतो.

आणि कागद थेट प्लायवर लावूच नका. दीड मिलिमीटरच्या ग्रे बोर्डाचे, म्हणजे करड्या पुठ्ठ्याचे, भिंतीएवढे तुकडे कापा, कागद त्यांवर चढवा आणि ते तुकडे खोलीत बसवा. पुढेमागे डाग पडला, ओल धरली किंवा नातीला रंग बदलावासा वाटला तर पुठ्ठा काढून नवा घालता येतो. माझी खोली १२ इंच रुंद, ९ इंच खोल, ९ इंच उंच. मागचा पुठ्ठा पूर्ण १२ इंचांचा आधी बसवायचा, बाजूचे दोन त्याच्या जाडीएवढे कमी कापून नंतर आत दाबायचे. ते मागच्याला धरून ठेवतात आणि कोपऱ्यातली फट दिसत नाही. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला कागद लावला तर वाळताना तो कागद आकसतो आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. म्हणून पाठीलाही साधा कागद त्याच खळीनं लावायचा, मग दोन्ही ताण एकमेकांना तोलतात. रात्रभर वजनाखाली ठेवायचं. वहीच्या पुठ्ठ्याला हाच नियम आहे.

हातकागदाचा ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा असतो. त्यात अशी एक खोली आरामात होते, वर पडद्याच्या पेटीला किंवा उशीच्या अभ्र्याला पुरेल एवढा तुकडा उरतो. ओबडधोबड कडा आधी कापून टाका, मगच माप घ्या.

सोनेरी छपाई कुठलीही असो, ती दुमडीवर तडकते. ती सपाट भिंतीलाच ठेवा, पुठ्ठ्याच्या कडेवरून वळवू नका. गडद लाल आणि जांभळा घेण्याआधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या लाल कागदाचा रंग खळ लागताच सुटला आणि शेजारची पांढरी चौकट गुलाबी झाली. ऑनलाइन मिळणारे बाहुलीघराचे छापील वॉलपेपरही मागवून पाहिले. चित्रं देखणी, माप अचूक, पण शाई पाण्यानं पसरते. ते वापरायचेच असतील तर कोरड्या दुहेरी टेपनं लावा.

स्वयंपाकघराला मात्र हा कागद नको. आपल्याकडे ओट्यामागे कागद कोण लावतं? गिरगावातल्या चाळींत भिंतीचा खालचा भाग ऑइलपेंटनं गडद आणि वरचा फिकट असायचा, तसंच केलं: खाली हिरवा, वर पांढरा, मध्ये पेन्सिलीएवढी तपकिरी रेघ. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष आधी त्या रेघेकडे जातं. जमिनीला जुन्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या हव्या होत्या, १९२२ साली सुरू झालेली मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी बनवते तशा. आठ इंची लादी या मापात १७ मिलिमीटरची होते. ती नक्षी हातानं आखून रंगवली आणि वरून वॉर्निश मारलं, कारण छापील हातकागदावर बाहुलीचं सामान सारखं सरकलं तर तो झिजेल.

क्रम असा ठेवा: आधी छत रंगवा, मग भिंतींचे पुठ्ठे, मग जमीन, शेवटी भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगची पट्टी. ती पट्टी पुठ्ठ्याची खालची कड झाकते, कापताना केसभर कमी-जास्त झालं तरी चालतं. दिवे लावणार असाल तर वायर पुठ्ठ्यांच्या मागून आधी ओढून घ्या.

आणि ताव घेताना एक जास्तीचा घ्या. हातकागदाच्या दोन खेपांत रंगाची छटा थोडी वेगळी येते, महिन्याभरानं तोच नमुना आणला तरी जुन्या भिंतीशेजारी तो निराळा दिसतो.