‘द मॅन ऑफ स्टील’ : सुपरमॅनच्या ताकदीला घातलेली मर्यादा

सुपरहिरोंच्या कथांमध्ये मला सर्वांत जास्त खटकते ती त्यांची प्रसंगागणिक कमीजास्त होणारी ताकद, आणि म्हणूनच जॉन बर्न यांनी 1986 मध्ये लिहिलेल्या व चितारलेल्या सहा कॉमिक अंकांचा हा संग्रह मला मोलाचा वाटतो. 1938 च्या पहिल्या कथेतला सुपरमॅन उडत नव्हता. तो वीस मजली इमारत ओलांडेल एवढी उडी मारत असे आणि फुटत्या तोफगोळ्याने त्याला इजा होऊ शकत असे. पुढे लेखकांनी ही ताकद इतकी वाढवली की तो ग्रहसुद्धा हलवू लागला. 1971 मध्ये ती आटोक्यात आणण्याचा प्रयत्न झाला, पण तो फार काळ टिकला नाही. 1978 च्या चित्रपटात तर दोन क्षेपणास्त्रांपैकी एकच वेळेत गाठू शकलेला नायक थोड्याच वेळात काळ मागे फिरवतो, आणि त्याची प्रेयसी लोइस हिच्या मृत्यूने प्रेक्षकाच्या मनावर आलेला सगळा ताण वाया जातो.

बर्न यांनी आधी नियम आखले आणि मग कथा रचली. त्यांच्या सुपरमॅनची शक्ती सूर्यप्रकाशामुळे वाढत्या वयाबरोबर हळूहळू येते. अंगाला घट्ट बसणारा पोशाख शाबूत राहतो, पण पाठीवरची केप फाटू शकते. तिसरा अंक मला सर्वांत आवडला. आपल्याला हात लावलास तर गॉथम या बॅटमॅनच्या शहरातल्या एका निरपराध माणसाचा स्फोटात बळी जाईल, असे बॅटमॅन त्याला बजावतो आणि एवढा बलाढ्य नायक जागच्या जागी थांबतो; तो बॉम्ब बॅटमॅनच्या स्वतःच्याच पट्ट्यात होता, हे शेवटी कळते. इथे ताकद कुठेही कमी दाखवलेली नाही, तरीही ती निरुपयोगी ठरते, आणि हे लेखकाचे खरे कसब आहे.

पाचव्या अंकात मात्र ही शिस्त सुटते. बिझारो या सुपरमॅनच्या सदोष प्रतिकृतीच्या देहाची धूळ होते आणि त्या धुळीने लोइसच्या अंध बहिणीला दृष्टी येते, याला आधीच्या कथेत पुरेसा आधार नाही. हा शेवट केवळ सोयीचा वाटतो. चित्रे मात्र सहाही अंकांत स्वच्छ आणि रेखीव आहेत. सुपरमॅन ज्यांनी फक्त पडद्यावर पाहिला आहे, त्यांनी हा संग्रह अवश्य घ्यावा आणि निदान पहिला व तिसरा अंक सावकाश वाचावा.