क्रॉप बॉडीवर ३५ की ५०? नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिने झाले, ३५ मिमी एफ १.८ ही प्राइम (झूम न होणारी) लेन्स माझ्या कॅमेऱ्यावरून क्वचितच उतरली आहे. ३५ किंवा ५० मिमी ही लेन्सची फोकल लेंग्थ; आकडा जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद आणि जवळचं. घेण्याआधी मात्र दोन महिने ३५ घ्यावी की ५० यातच अडकून पडले होते. त्या वेळी मला ज्या गोष्टी कुणी नीट सांगायला हव्या होत्या, त्या सगळ्या इथे लिहिते आहे.

बॉडी (म्हणजे लेन्सविना कॅमेरा) डीएसएलआर, एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, क्रॉप १.५. म्हणजे सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे दृश्य दीडपट फोकल लेंग्थच्या लेन्सइतकं अरुंद दिसतं. सोबत १८-५५ किट लेन्स आली होती. दिवसा, बाहेर, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. गाडं अडायचं ते संध्याकाळी घरात. भाची तेव्हा नुकतीच पावलं टाकायला लागली होती. ट्यूबलाइटच्या उजेडात ३५ मिमीच्या आसपास माझी किट लेन्स एफ ४.५ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० केला तरी शटर १/३० सेकंदावर अडकायचं. फोटोत मागचं कपाट लख्ख आणि पोरगी पुसट. किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असूनही हे व्हायचं, कारण ते आपला हात सावरतं. समोरचं मूल हललं तर त्याला काही करता येत नाही. तिथे शटरच वेगवान लागतं आणि त्यासाठी उजेड लागतो.

एफ १.८ ने किती फरक पडतो? ४.५ ला १.८ ने भागलं की येतात २.५, त्याचा वर्ग सव्वासहा. म्हणजे सव्वासहापट उजेड. त्याच खोलीत, त्याच आयएसओवर १/३० चं शटर १/१८० च्या घरात जातं. चालणाऱ्या मुलासाठी एवढं बहुतेक वेळा पुरतं. प्राइम घ्यायची हे त्यामुळे लगेच ठरलं. खरा प्रश्न कुठली घ्यायची हा होता.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, “५० घे, डोळे मिटून घे.” हा सल्ला फिल्मच्या काळापासून चालत आला आहे आणि त्या कॅमेऱ्यांवर तो बरोबरच होता. ३६ बाय २४ मिमीच्या फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिमी, आणि फोकल लेंग्थ कर्णाच्या आसपास असली की दृश्य ना फार रुंद ना फार जवळचं दिसतं, त्यामुळे ५० तिथे ‘नॉर्मल’ लेन्स ठरते. आपल्या क्रॉप सेन्सरचा कर्ण २८ मिमीच्या आसपास. त्यावर ५० लावली की दिसतं ७५ मिमी इतकं, आणि कॅननच्या १.६ क्रॉपवर ८० इतकं. ती पोर्ट्रेटची लेन्स होऊन बसते.

हे वाचून माहीत होतं, पण पटलं ते मैत्रिणीकडून पंधरा दिवसांसाठी ५० आणली तेव्हा. पहिल्याच संध्याकाळी दादा भाचीचे दोन्ही हात धरून तिला चालवत होता. खोली दहा बाय दहाची. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले, तरी दादाचं डोकं ठेवलं तर भाचीची पावलं फ्रेमबाहेर. आणि मला तर तीच पावलं हवी होती! नंतर कागदावर हिशोब मांडला. उभा माणूस, वर-खाली थोडी जागा सोडून, म्हणजे दोन मीटर उंचीची फ्रेम. कॅमेरा उभा धरला तरी ५० ला त्यासाठी सव्वाचार मीटर, म्हणजे १४ फूट अंतर लागतं. ३५ ला तीन मीटर, म्हणजे जेमतेम दहा फूट. खोलीतलं सामान आणि माझी स्वतःची जागा धरली तर ३५ सुद्धा तिथे काठावरच पास होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मीही तोच धरून बसले होते. ‘क्रॉपसाठी बनवलेल्या लेन्सवर लिहिलेला आकडा आधीच गुणलेला असतो’ असं बरेच जण सांगतात. तसं नाही. क्रॉपसाठी बनवलेली ३५ आणि फुल फ्रेमसाठी (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरसाठी) बनवलेली ३५ एकाच क्रॉप बॉडीवर लावा, दोन्हींतून तेवढंच दृश्य दिसेल. फरक एवढाच की पहिली लहान सेन्सरपुरतंच प्रतिमेचं वर्तुळ टाकते, म्हणून ती सहसा आटोपशीर आणि स्वस्त बनवता येते. १.५ चा गुणाकार दोन्हींना सारखाच लागू.

मग मी दोन गोष्टी केल्या. आधी जुने चारेकशे फोटो काढून प्रत्येकाची फोकल लेंग्थ पाहिली. ती फाइलमध्येच नोंदलेली असते. घरातले आवडलेले फोटो २४ ते ३८ च्या दरम्यान सापडले. ५५ वर काढलेले बहुतेक सगळे बाहेरचे. नंतर किट लेन्सची रिंग ३५ वर ठेवून कागदी चिकटपट्टी लावून टाकली आणि आठवडाभर तशीच वापरली, पुढचा आठवडा ५० वर. खर्च शून्य, आणि दोन महिन्यांचा घोळ पंधरवड्यात मिटला. दुसऱ्या आठवड्यात मी सारखी मागे सरकत होते. ३५ वर बहुतेक वेळा दोन पावलं पुढे गेलं की काम होत होतं, आणि पुढे जाणं कधीही सोपं.

आणखी एक हिशोब ३५ च्या बाजूने गेला. ३५ वर काढलेला फोटो कापून ५० इतका केला तरी ६००० बाय ४००० मधून ४२०० बाय २८०० उरतात, म्हणजे पावणेबारा मेगापिक्सेल. छापायला भरपूर. ५० वर जे फ्रेमबाहेर राहिलं ते मात्र परत आणता येत नाही.

आता वापराबद्दल. पहिला महिना मी सगळं एफ १.८ वरच काढलं, आणि त्यातला आजीचा एक फोटो अजून मनात सलतो. खिडकीशी बसून ती वाचत होती, चष्मा नाकावर थोडा खाली, एका बाजूने उजेड. मी दोन फुटांवर. स्क्रीनवर फोटो सुरेख दिसला. घरी मोठा करून पाहिला तर चष्म्याच्या फ्रेमवरचा ओरखडा मोजता येईल इतका स्पष्ट, आणि डोळे मऊ. त्या अंतरावर एफ १.८ ला पुढून-मागून मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर पट्टा स्पष्ट येतो, आणि फोकस पकडला होता चष्म्याने. तेव्हापासून जवळून चेहरा काढताना मी एफ २.८ किंवा ३.२ ठेवते, फोकस पॉइंट स्वतः उचलून जवळच्या डोळ्यावर आणते, आणि मध्यभागी फोकस करून मग फ्रेम वळवणं बंद केलं आहे. त्या वळवण्यातच दोनेक सेंटिमीटर निघून जातात. मिररलेसवर डोळा ओळखणारा फोकस असेल तर ही कसरत बरीच वाचेल.

दुसरा धडा दिव्यांचा. शटर १/२०० वर न्यायला मिळालं म्हणून खुशीत सलग फोटो काढले, तर एक उजळ, पुढचा मंद, तिसऱ्यात अर्धी फ्रेम पिवळसर. मला वाटलं लेन्स सदोष आली. दोष दिव्यांचा होता. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब आणि काही एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० वर असेल तर एक पूर्ण आवर्तन त्यात बसतं, त्याहून वेगवान केलं की आवर्तनाचा तुकडाच हाती लागतो. किट लेन्सवर शटर कधी तिथवर पोचतच नव्हतं, म्हणून हे आधी दिसलं नव्हतं. आता अशा दिव्याखाली शक्य तोवर १/१०० वर थांबते, नाहीतर भाचीला खिडकीजवळ खेळायला बोलावते. काही बॉड्यांमध्ये अँटी-फ्लिकरची सोय असते, ती असेल तर जरूर चालू करा.

लेन्सचे स्वतःचे दोष आहेत. पूर्ण उघडी असताना, मागून उजेड आणि पुढे काळे केस असले की केसांच्या कडेला रंग उतरतो: फोकसच्या पुढच्या भागात जांभळट, मागच्या भागात हिरवट. वेगवान प्राइममध्ये हे सर्रास दिसतं. कोपऱ्यांतली रंगीत कड सॉफ्टवेअर एका टिचकीत काढतं, ही तितकी सहज जात नाही. एफ २.८ ला बरीच कमी होते, एफ ४ ला शोधावी लागते. सरळ रेषा किंचित फुगतात, पण ते सॉफ्टवेअरमधल्या लेन्स प्रोफाइलने सुटतं. अंधारात फोकस कधीकधी पुढे-मागे शोधत राहतो, तेव्हा जिथे काळं-पांढरं जवळजवळ आहे अशी कड दाखवावी लागते, जसं की कॉलर किंवा कपाळावरची केसांची रेघ. व्हिडिओत फोकसची घरघर ऐकू येते, त्यामुळे व्हिडिओसाठी ही घेऊ नका.

यूव्ही फिल्टर मी तिसऱ्या महिन्यात काढून टाकला. रात्रीच्या फोटोंत प्रत्येक दिव्याचं हिरवं प्रतिबिंब समोरच्या बाजूला उमटायचं, फिल्टर काढल्यावर गेलं. आता हूड (लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं) कायम लावलेला असतो. आडवा उजेडही अडतो आणि काच कुठे आपटत नाही.

५० कुणी घ्यावी? ज्याला मुख्यतः चेहरे काढायचे आहेत, आणि मोकळ्या जागेत. डोकं-खांदे एवढी फ्रेम भरायला ३५ घेऊन तीन फुटांच्या आत जावं लागतं आणि इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं, पण लेन्सच आपल्याला त्या अंतरावर नेते. ५० वर तीच फ्रेम सव्वाचार फुटांवरून मिळते, चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो आणि समोरचा माणूसही अवघडत नाही. ताईचे गच्चीवरचे फोटो मी मुद्दाम ती ५० परत मागून काढले, आणि ते ३५ वर तसे आले नसते हे मान्य करते.

प्रवासाला, अरुंद गल्ल्या किंवा घरभर माणसं जमलेली असताना ३५ सुद्धा अपुरी पडते, सगळं फ्रेममध्ये मावत नाही. तेव्हा १८-५५ पिशवीत असतेच. कॅनन वापरणाऱ्यांनी २४ मिमी एफ २.८ ची चपटी लेन्स पाहावी. त्यांच्या क्रॉपवर ती ३८ च्या आसपास बसते, वजन १२५ ग्रॅम, फोकस १६ सेंटिमीटरपासून. फक्त एफ २.८ आणि एफ १.८ मध्ये उजेडाचा जवळपास अडीचपट फरक आहे, तो रात्रीच्या घरात जाणवणार.

आणि जुनी लेन्स घेणार असाल तर बॉडीत फोकसची मोटर आहे का ते आधी पाहा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांमध्ये ती नाही, त्यामुळे जुनी ५० मिमी एफ १.८ डी त्यांच्यावर लागते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. नावात एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्येच असते. दुकानात किंवा विकणाऱ्याकडे स्वतःची बॉडी घेऊन जा, सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर (एफच्या सर्वांत लहान आकड्यावर) दोन फुटांवरच्या छापील पानाचे पाच-सहा फोटो तिरक्या कोनातून काढा आणि ज्या ओळीवर फोकस केला तीच स्पष्ट आली का ते तिथेच मोठं करून बघा. माझी लेन्स या चाचणीत पहिल्यांदा किंचित मागे फोकस करत होती. बॉडीच्या मेनूतल्या फाइन-ट्यूनमध्ये (फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय) उणे ४ केल्यावर ओळीवर आली, आणि नऊ महिने त्याच आकड्यावर आहे.