धीटपणा मोजायला कोणती मापनी?

यवतमाळजवळच्या आमच्या गावची भाची मानसशास्त्रात एमए करते. विषय घेतलाय सायकोपॅथीतला, म्हणजे दुसऱ्याची कदर नि पस्तावा नसलेल्या स्वभावातला, धीटपणा. "मामा, हेअरची मापनी घेऊ का पॅट्रिकची?" यावर अडलीय. हेअर आणि पॅट्रिक हे सायकोपॅथी मोजायच्या मापन्या बनवणारे मानसशास्त्रज्ञ.

हेअरच्या पीसीएल-आर या तपासयादीत २० मुद्दे, गुण ० ते ४०. लांब मुलाखत हवी, जुनी कागदपत्रं हवीत, प्रशिक्षित माणूस हवा. शिवाय ती विकत घ्यावी लागते. पॅट्रिकची ट्रायपीएम ही प्रश्नावली फुकट. ५८ विधानं, माणूस स्वतःच भरतो. अर्थात बढाईखोर माणूस तिथंही बढाईच मारणार.

खरा फरक धीटपणातच आहे. हेअरकडे तो वेगळा मोजतच नाहीत, वरवरच्या गोडव्यातून वगैरे थोडा डोकावतो इतकंच. पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली धीटपणा, निर्दयपणा, बेलगामपणा असे तीन धागे वेगळे केले. हे मला फार मोलाचं वाटतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या वावरातल्या विहिरीत गोऱ्हा पडला. शेजारचा गडी कमरेला दोर बांधून उतरला, हात जरा थरथरला नाही. वर आल्यावर आधी गोऱ्ह्याचे पाय चोळले, मग स्वतःचा सदरा पिळला. धीट आहे, निर्दय नाही. अशा माणसाला सायकोपॅथ कोण म्हणेल? धीटपणा सायकोपॅथीचा भाग धरावा का, यावर संशोधकांतही वाद आहेच.

कैद्यांवर किंवा न्यायालयासाठी काम असेल तर पीसीएल-आर. गावातल्या साध्या माणसांत धीटपणा पाहायचा तर ट्रायपीएम. भाचीनं हीच घ्यावी, फक्त विधानं मराठीत आणली की आधी दहा-बारा जणांकडून वाचून घ्यावीत.