सीएसएमटी की ओव्हल? एकच दुपार हातात असेल तर

गावाकडून पाहुणे आले की मला हे ठरवावं लागतंच: मुंबईच्या जुन्या इमारती दाखवायच्या तर सीएसएमटीच्या चौकात न्यायचं की ओव्हल मैदानावर?

सीएसएमटीचं पारडं हलकं नाही. स्टेशन वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सचं आणि समोरची महापालिकाही (१८९३) त्याचीच. फाटकावरचे सिंह-वाघ, भिंतींवरचे मोर अगदी जवळून बघता येतात. उपनगरी तिकीटघरात तर खाली रांग आणि वर छतावर चांदण्या. कोरीवकामाचा नाद असलेल्यानं आधी इथंच जावं.

पण निवांत उभं राहायला जागा नाही. मान वर केली की मागून धक्का बसतो. त्यात कुणाची चूक नाही, लोकांना लोकल गाठायची असते. मागे आत्याला घेऊन गेलो होतो. घुमटावरची मूर्ती दाखवत होतो, ती "कुठंय रे?" म्हणेपर्यंत तीनदा बाजूला व्हावं लागलं. पलीकडून नीट दिसेल म्हणून भुयारी मार्गानं गेलो, तर पायऱ्यांनी तिचे गुडघे धरले. मूर्ती बघायची राहिलीच.

नंतरच्या खेपेला तिला ओव्हलवर नेलं. चपला काढून ती गवतावरच बसली आणि ८५ मीटरचा राजाबाई टॉवर पायापासून टोकापर्यंत एका नजरेत मावला. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं बांधवलेला, हे ऐकून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. शेजारी उच्च न्यायालय, जुनं सचिवालय. आपल्या पाठीमागे, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, आर्ट डेको शैलीच्या इमारती: गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, ठसठशीत अक्षरांत कोरलेली नावं. टॉवरच्या बाजूच्या गॉथिक (टोकदार कमानींच्या) इमारती उभ्या राहिल्या तेव्हा मैदानापलीकडे समुद्र होता. पुढे भराव पडला आणि १९३०च्या दशकात त्यावर ही रांग आली. दोन काळ असे समोरासमोर मला तरी मुंबईत दुसरीकडे सापडले नाहीत. २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तोही दोन्ही रांगांना मिळून.

ज्याची त्याची आवड, पण सोबत वयस्कर माणूस असेल तर मी ओव्हलच सुचवेन. चारनंतर जा, तेव्हा ऊन थेट टॉवरवर येतं. आर्ट डेकोसाठी मात्र सकाळ बरी. पावसाळ्यात चिखल असतो. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे पुतळे आहेत, ते खालून ओळखू येत नाहीत. घरात दुर्बीण असेल तर जरूर न्या.