कॅमेऱ्याचा विमा सांगून स्कूटीचा विमा विकला: सावध राहा

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आणि किट कर्जावर घेतलेल्या प्रत्येकासाठी लिहितोय. तुमच्याकडं कॅमेऱ्याच्या विम्याची पीडीएफ असेल आणि ती कुणी एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली असेल, तर आधी ती उघडा, मग पुढचं वाचा.

माझी स्वतःची पॉलिसी अशीच खोटी निघाली, तिचे आकडे सांगतो. विम्याची रक्कम ६,४०,०००. हप्ता ९,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७६४, एकूण ११,५६४ रुपये. चोरीला गेलं ते असं: कॅमेऱ्याची बॉडी १,९४,०००, ७०-२०० लेन्स १,७२,५००, फ्लॅश १८,५००. एकूण ३,८५,०००. हातात आलं शून्य. हळदीच्या शूटिंगचं मेमरी कार्ड त्याच बॅगेत होतं, म्हणून मुलीकडच्यांना ३५,००० परत द्यावे लागले ते वेगळेच. बँकेचा ८,७४० चा हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर कापला जातो.

चोरीत नवल काही नाही. बीड जिल्ह्यातलं लग्न, मुहूर्त साडेबाराचा, पण आपल्याकडं पुढाऱ्यांचे सत्कार उरकल्याशिवाय अंतरपाट धरतंय कोण? दोन वाजता मंगलाष्टकं सुरू झाली. मी आणि माझा पोरगा-हेल्पर दोघंही स्टेजवर. बॅग मागच्या खोलीत, कुलूप लावून. अक्षता पडल्या, जेवणावळीला गर्दी उसळली, आणि येऊन बघतो तर कुलूप तुटलेलं. मी आधी त्या कुलपाचा फोटो काढला. कारण एजंटानंच सांगितलं होतं की जबरदस्तीनं घुसल्याची खूण नसेल तर बऱ्याच पॉलिसीत चोरीचा क्लेम बसत नाही.

म्हणजे गड्याला विमा येत होता, हेच डोक्यात जातं. गाडीत कुणी नसताना ठेवलेलं सामान बहुतेक वेळा धरत नाहीत, घराच्या विम्यात धंद्याचा कॅमेरा चालत नाही, सहा लाखांचं किट तीन लाखांचं दाखवलं तर लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच हातात येतात, हे सगळं त्यानं मला चहावर समजावून सांगितलं. "म्हणून सर, पूर्ण किंमत लावा." लावली. हप्ता वाढला, त्याचा वाटा वाढला.

बनावट पीडीएफचा धंदा आता कुणाला नवा नाही. कंपनीचा लोगो, खोटा पॉलिसी नंबर, संपलं. पण यानं नंबर खरा घेतला. माझ्या नावावर कुठल्या तरी स्कूटीची थर्ड पार्टी पॉलिसी ऑनलाइन काढली, तिची पीडीएफ खोलून आत कॅमेरे टाकले. त्या स्कूटीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता होता ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. उरलेले १०,७२१ त्याच्या खिशात.

आणि ते दिसत होतं. दुसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात एक ओळ राहून गेली होती: क्युबिक कपॅसिटी, लागू नाही. अहो, कॅमेऱ्याला इंजिनाचा सीसी! मी ती ओळ वाचली. वाचून त्याला फोनसुद्धा केला. तो हसला, म्हणाला, "सर, सिस्टीमचा फॉरमॅट आहे, सगळ्यालाच तसं येतंय." त्याच ओळीवर बोट ठेवून बसायला पाहिजे होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तीच ओळ डोळ्यांपुढं येते. पण तुम्हीच सांगा, पीकविम्याच्या पावतीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत अर्थ नसलेले रकाने आपण काय कमी बघतो? शिवाय मी क्यूआर कोड स्कॅन केला होता. कंपनीची खरी साइट उघडली. माझं नाव, तोच नंबर, तारखा, आणि हिरव्या रंगात ‘चालू’. पॉलिसी कशावर आहे, तेवढंच त्यावर नव्हतं. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर दिले, हे मान्य. "कंपनीचं पेमेंट अडकतंय, मुदत आजपासून लावायची तर मी भरतो," म्हणाला. गावाकडं आयुर्विम्याचा हप्ता लोक अजून एजंटाच्या हातातच देतात. मी एकटाच येडा नाही.

क्लेमसाठी फोन केला तेव्हा पलीकडची पोरगी म्हणाली, "सर, ही पॉलिसी दुचाकीची आहे." मला वाटलं, हिनंच चुकीचा नंबर टाकला.

मग सुरू झाली वारी. कंपनी म्हणते, हा माणूस आमचा एजंट नाही, पॉलिसी तुम्हीच ऑनलाइन घेतलेली आहे. नोंदवलेला मोबाइल माझा नाही, त्याचा आहे, हे दाखवलं तर म्हणे, मग तुम्ही चुकीची माहिती का दिली? उलट मलाच नोटीस येते की काय अशी वेळ. लग्नाच्या गावच्या ठाण्यात चोरीची नोंद झाली, पण विम्याचं नाव काढलं की, "पैसे जिथं दिले तिथं जा." पैसे दिले त्या भागातल्या ठाण्यात, "चोरी तिकडची, तिकडंच जा." मी म्हणालो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. साहेब म्हणाले, "वकील हाव का तुम्ही?" नंतर, "कामून दिले मग पैसे त्याच्या नंबरवर?" सायबरवाले म्हणाले, तो समोर बसून चहा पिऊन गेला, हे सायबर कसं? आणि एकानं शांतपणे सांगितलं की हा दिवाणी वाद आहे. दिवाणी! खोटी पॉलिसी करून पैसे घेणं दिवाणी असेल तर फसवणुकीचं कलम ठेवलंय कशाला? पूर्वी ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१८ आहे. आकडा बदलला, टेबलावरचं उत्तर तेच.

विमा लोकपालाकडं जा, हे सगळेच सांगतात. मराठवाड्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडं आहे, तक्रारीला फी नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार द्यायची, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर वर्षाच्या आत तिकडं जायचं. पण तिथं तक्रार चालते विमा कंपनी किंवा विमा ब्रोकरविरुद्ध. आणि माझी पॉलिसी तर खरीच आहे ना, स्कूटीची!

पैसे फक्त कंपनीच्या नावानं, तिच्याच साइटवरून भरा. प्रत्येक बॉडी आणि लेन्सचा सिरियल नंबर पॉलिसीत पाहिजे म्हणजे पाहिजे. नुसतं ‘कॅमेरा संच’ लिहिलेलं घेऊ नका. सिरियल नंबरांची यादी आजच करा. बिल हरवलं असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत काढलेल्या फोटोच्या मेटाडेटातही तो असतो, एफआयआरला कामाला येतो. कंपनीकडं मोबाइल कुणाचा नोंदवलाय तेही बघा. हप्ता भरूनही तुमच्या फोनवर एसएमएस आला नाही, तर तिथंच थांबा. यूपीआयवर फसलात तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे त्याच्या खात्यातून पुढं जायच्या आत. मला कळलं तोवर महिने उलटले होते.

कारण चोरी झाली नसती तर मला हे कळलंच नसतं. लातुरात आमच्यातल्याच आणखी तिघांनी त्याच्याकडून पॉलिसी घेतली होती. दोघांनी कंपनीला विचारलं, दोघांच्याही दुचाकीच्याच निघाल्या. तिसरा म्हणतो, "माझी बरोबर आहे, मी स्कॅन केलंय."

लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, कुठंही असाल, कंपनीच्या साइटवर दिलेल्या नंबरला फोन लावा आणि एवढंच विचारा: ही पॉलिसी कशावर आहे? दुचाकी म्हणाले तर पीडीएफ आणि यूपीआयची पावती घेऊन मला कळवा. वकील म्हणतात, पाच-सहा जणांची तक्रार एकत्र थेट पोलीस अधीक्षकांकडं दिली तर दिवाणी म्हणून परत पाठवणं त्यांना अवघड जाईल. सध्या आम्ही तिघं आहोत.