स्विच ओएलईडी सात-आठ महिने वापरल्यावर : घाटातल्या गावातून मोबाईल विरुद्ध हँडहेल्ड

मी काय मोठा गेमर वगैरे नाही. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, गाव जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं, शनिवारी सुटलं की गाव आणि सोमवारी पहाटे परत बेळगाव. पावसाळ्याच्या तोंडावर निन्टेन्डो कंपनीच्या स्विचचं, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या यंत्राचं (हँडहेल्ड), ओएलईडी मॉडेल घेतलं आणि तेव्हापासून जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतोय, "तीस हजाराला खेळणं कशाला घेतलास बे, तेवढ्यात एक नंबर मोबाईल आला असता की!" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यात देता येत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वस्तूबद्दल थोडक्यात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं मॉडेल, 7 इंची ओएलईडी स्क्रीन, रिझोल्यूशन 720पी. कागदावर वाचलं की हसू येतं कारण दहा हजारातल्या फोनला पण याच्यापेक्षा जास्त असतं, पण हातात धरून खेळताना काही जाणवत नाही, काळा रंग खरंच काळा दिसतो, रात्री लाईट बंद करून खेळायला मजा. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे बाजूला लागणारे बटणांचे सुटे कंट्रोलर, लावून वजन 420 ग्रॅम. बॅटरी कंपनी साडेचार ते नऊ तास सांगते, झेल्डासारखा मोठा गेम असला की साधारण पाच-साडेपाच धरायचे, साधे गेम जास्त चालतात. टाईप-सी आहे, म्हणजे पॉवर बँकवर चार्ज होतं, वेगळा चार्जर घेऊन फिरायला नको. जॉय-कॉन ड्रिफ्टची (स्टिकला हात न लावता गेममधलं पात्र आपोआप सरकतं तो बिघाड) बोंब सगळीकडे आहे, कंपनीच्या अध्यक्षांनी, फुरुकावांनी, 2020 मध्ये त्याबद्दल माफी पण मागितली होती. माझ्या पीसला अजून तरी आलेला नाही, पण आमच्याकडची दमट हवा बघता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

आपल्याकडं हे अधिकृतपणे विकलं जात नाही हे लक्षात घ्या. जो पीस मिळतो तो बाहेरून आणलेला, बिघडला तर दुकानदार आणि तुम्ही. निन्टेन्डोच्या ऑनलाईन दुकानाच्या यादीत पण भारत हा देश नाही, अकाउंटला दुसरा देश ठेवावा लागतो. मी त्या भानगडीत फारसा पडलो नाही, कॅसेटवरच आहे, म्हणजे गेम भरलेलं छोटं कार्ड, त्याला मी कॅसेटच म्हणतो. कॅसेट कुठल्याही देशाची चालते ही मोठी सोय. (कॅसेटला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, पोरांनी तोंडात घालू नये म्हणून. भाचीनं घातली, लगेच थुंकली, लेप काम करतो.)

आता मोबाईलचं. ताकदीच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थच नाही, मोबाईल कधीच पुढं गेलाय. स्विचमधली चिप टेग्रा एक्स-1 च्या घरातली, म्हणजे मुळात 2015 ची. तिकडं 2023 मध्ये आयफोन 15 प्रो वर रेसिडेंट एव्हिल व्हिलेज अख्खा चालायला लागला, कन्सोलवाला गेम, काटछाट न करता आणलेला. तरीपण रेसिडेंट एव्हिल खेळायला म्हणून कोणी आयफोन घेतल्याचं मी अजून ऐकलं नाही. फोनला चिकटवायचा टाईप-सी कंट्रोलर पण एकाचा आणून बघितला. चांगला आहे, बटणं चांगली आहेत, पण आमच्या पोरांच्या आवडीचे गेम काचेवर बोटं फिरवायला बनवलेले, ते कंट्रोलरला दादच देत नाहीत. म्हणजे चिप आली, बटणं आली, आणि त्यावर खेळायला तसे गेम फार थोडे.

मला स्वतःला फरक कळला तो पावसात. आमच्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते कणकुंबीकडं येऊन गेलेल्या माणसाला सांगायला नको. लाईट जाते, मग टॉवर पण मान टाकतो, आणि घरातले सगळे मोबाईल एका क्षणात बॅटरी बनून जातात. भाचा सुट्टीला आलेला, बारावीला आहे, दिवसभर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, नेटवर चालणारा गोळीबाराचा गेम. रेंज गेली की तो अंगणात, मग गच्चीवर, मग देवळाच्या कट्ट्यावर, छत्री एका हातात आणि फोन एका हातात, एक काडी येतेय का बघत. मी पडवीत बसून झेल्डा खेळतोय. दोन दिवस त्यानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसला, "मामा, तू एकटाच काय खेळूलालास, बघू की जरा." मग काय, दोन्ही जॉय-कॉन काढले, एक त्याला एक मला, मारिओ कार्ट. त्याला वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही, लॉगिन नाही, अपडेट नाही, काही नाही. गणपतीत तर चुलत भावंडांची पोरं आली तेव्हा रांग लागायची आणि आई म्हणायची त्या डबड्याला आता नैवेद्य दाखवा.

चोर्ला घाटातून गोव्याला जातानाही तेच. बसमध्ये सगळे मोबाईलवर असतात, कणकुंबी सोडली आणि घाट लागला की एकेकाचा चेहरा पडतो. स्विचचं बटण दाबलं की जिथं होतो तिथंच गेम झोपतो, गोव्यातल्या साखळी गावात चहा पिऊन परत दाबलं की तिथूनच उठतो. वळणावर खेळू नका फक्त, मळमळतं.

आता कोणी म्हणेल मोबाईलवर पण बिननेटचे गेम आहेत की. आहेत, आणि काही खूप चांगले आहेत. पण धंदा त्यांच्यावर चालत नाही ही अडचण. निन्टेन्डोनं स्वतः हे करून बघितलंय. 2015 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष इवातांनी डीएनए नावाच्या मोबाईल गेमच्या कंपनीबरोबर हात मिळवला आणि 2016 च्या डिसेंबरमध्ये फोनवर सुपर मारिओ रन आला. सुरुवातीचा थोडा भाग फुकट, मग एकदाच दहा डॉलर भरा आणि पूर्ण गेम तुमचा. लोकांनी डाउनलोड भरपूर केला, पैसे भरणारे कमी निघाले, कंपनीनंच कबूल केलं की अपेक्षेइतकी कमाई झाली नाही. आणि गंमत बघा, तो मारिओ पण सतत नेट असल्याशिवाय चालायचा नाही! नंतर फायर एम्ब्लेम हिरोज आला, त्यात लॉटरीसारखं नशिबावर पात्रं मिळवायची, त्यानं कमावलं. मग फोनवर कोण कशाला नीट अख्खा गेम बनवेल? जगभरातल्या गेमच्या पैशातला जवळपास निम्मा मोबाईलवरून येतो म्हणतात, पण तो असा येतो, थेंब थेंब, स्किन (पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग) विकून, स्पिन (नशिबाचं चाक) विकून.

भाच्याचंच बघा. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं पबजी मोबाईल बंद केला, तेव्हा तो लहान होता, रडला होता. 2021 च्या जुलैमध्ये बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैमध्ये स्टोअरमधून गायब, 2023 च्या मे मध्ये परत. सरकारचं बरोबर का चूक तो वेगळा विषय, मला त्यात पडायचं नाही. पण ताईनं वाढदिवसाला घेऊन दिलेल्या स्किन कुठल्या तरी सर्व्हरवर आहेत, त्याच्या हातात नाहीत. माझ्या कॅसेटी कपाटात आहेत.

आणि कॅसेट परत विकता येते हो! हे मोबाईलवाल्यांना सांगितलं की पटतच नाही. गेम महाग आहेत यात शंका नाही, एकेक चार-साडेचार हजारांपर्यंत जातो, आणि निन्टेन्डोचे स्वतःचे गेम सेलमध्ये पण फार उतरत नाहीत. पण म्हणूनच जुनी कॅसेट पण भाव धरून असते. कोल्हापूरचा एक ओळखीचा झालाय, त्याचा आणि माझा व्यवहार निपाणीच्या स्टँडवर चालतो, दोघांनाही मध्ये पडतं. मी मेट्रॉइड दिला, त्यानं लुईजीज मॅन्शन दिला, वर एक चहा. या हिशोबानं माझा गेमवरचा खर्च भाच्याच्या खर्चापेक्षा फार नाही, फक्त ताईला तो हिशोब दिसत नाही कारण त्याचा जातो एकोणनव्वद-एकोणनव्वद रुपये करून.

हँडहेल्ड संपलं असं याआधी पण एकदा जाहीर करून झालंय. 2011 मध्ये निन्टेन्डोचाच आधीचा हँडहेल्ड थ्रीडीएस 250 डॉलरला आला आणि पाच महिन्यांत 170 वर आणावा लागला, सोनीचा व्हिटा तर उठलाच नाही. त्याच्या आधीचा डीएस 15 कोटींच्या वर खपला होता, थ्रीडीएस साडेसात कोटींवर थांबला, म्हणजे अर्धं गिऱ्हाईक गेलं, आणि ते फोनकडंच गेलं. मग 2017 मध्ये स्विच आला, टीव्हीला लावा नाहीतर हातात घ्या, आणि तो पण 15 कोटींच्या वर गेला. माझं मत असं की जे अर्धे गेले ते कापूस विकत घ्यायला दुकानात आले होते आणि गादी फुकट मिळाली म्हणून निघून गेले, म्हणजे वेळ घालवायला दोन मिनिटांचा गेम पाहिजे होता, तो फोननं दिला, विषय संपला. ते परत येणार नाहीत. उरलेत ते आमच्यासारखे, अख्खा गेम पाहिजे असणारे. व्हॉल्वचा स्टीम डेक, असूसचा आरओजी ॲली हे सगळे नवे हँडहेल्ड याच लोकांच्या मागं आहेत. ॲली आपल्याकडं 2023 मध्ये सत्तर हजाराला आला, तेवढ्यात माझं वर्षाचं घरभाडं निघतं, त्यामुळं त्याच्यावर बोलत नाही.

मोबाईल कुठं जिंकतो ते पण सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. तो खिशात असतोच. स्विच खिशात मावत नाही, पिशवी पाहिजे, आणि चाळिशीकडं झुकलेल्या माणसानं कँटीनमध्ये पिशवीतून स्विच काढला की सुपरवायझर ज्या नजरेनं बघतो ती नजर मोबाईलवाल्याला सोसावी लागत नाही. दुसरं, मित्र. भाच्याची सगळी गँग बीजीएमआयवर, कोण खानापुरात, कोण टिळकवाडीत, कोण हुबळीला हॉस्टेलवर, कन्नड-मराठी सगळी मिसळलेली पोरं, रात्री नऊला एकत्र येऊन एकमेकांना शिव्या घालतात. अख्ख्या जांबोटी भागात माझ्याशिवाय स्विचवाला मला तरी माहीत नाही. याला माझ्याकडं उत्तर नाही.

पण मला खरी धास्ती मोबाईलची नाही, स्विचच्याच पुढच्या पिढीची, स्विच 2 ची आहे. 2025 च्या जूनमध्ये आला, 450 डॉलर, 7.9 इंची स्क्रीन, सगळं झकास. त्यात गेम-की कार्ड नावाचा प्रकार काढलाय. दिसायला कॅसेट, आत गेम नाहीच, नुसती किल्ली. कॅसेट घालायची, नेटवरून गेम उतरवायचा, आणि तरी खेळताना कॅसेट आत पाहिजेच. दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र! विकता येते हे खरं, पण निपाणीच्या स्टँडवर घेतलेली कॅसेट गावाकडं नेऊन घातली आणि तिथं एक काडी पण रेंज नाही, मग काय करू, पूजा करू? आणि आज उतरवला, उद्या सर्व्हर ठेवायचा का नाही ते कंपनी ठरवणार. थ्रीडीएसचं ऑनलाईन दुकान 2023 च्या मार्चमध्ये बंद केलंच की, 2024 च्या एप्रिलमध्ये ऑनलाईन खेळणं पण.

मोठे गेम कॅसेटवर मावत नाहीत हे कारण पूर्ण खरं नाही. सायबरपंक 2077 तो बनवणाऱ्या कंपनीनं अख्खा 64 जीबीच्या कार्डवर दिला. मारिओ कार्ट वर्ल्ड, डाँकी काँग बनान्झा पूर्ण कॅसेटवर आहेत. स्ट्रीट फायटर 6 मात्र किल्लीवाला. म्हणजे इच्छा असली तर होतं, खर्च करायची तयारी पाहिजे.

तर घ्यायचा का? गावाकडं येणं-जाणं असेल, घरात पोरं असतील, आणि आसपास कॅसेट बदलायला एखादा माणूस असेल तर जुना ओएलईडी चांगला पीस बघून घ्या. घेताना दोन्ही स्टिक फिरवून बघा, कॅसेटचा खाचा बघा, डॉकवर (टीव्हीला जोडायचा स्टँड) टीव्हीला लावून दाखवायला सांगा. एकटेच असाल, शहरात असाल आणि मित्र सगळे फोनवर असतील तर पैसे वाया घालवू नका. स्विच 2 मी सध्या घेत नाही. किल्लीवाल्या कॅसेटी वाढतात का कमी होतात ते पुढच्या गणपतीपर्यंत बघतो, तोपर्यंत भाच्याला झेल्डा संपवायचाय. त्याची परीक्षा झाल्यावरच द्यायचा अशी ताईची ऑर्डर आहे.